वाफेच्या जमान्यातलं जाकीट रोज घालता येईल का?

इंग्लंडातल्या लिंकन गावी, स्टीमपंकच्या मेळ्यात, किल्ल्यापुढे एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर येऊन थांबले. डोक्यावर उंच काळी हॅट, भरघोस पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत आलेला कोट. माझ्या टोपीवर मी तीन दातेरी चाकं चिकटवली होती. त्या चाकांकडे बोट दाखवून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "ही काय काम करतात?"

"काहीच नाही," मी म्हटलं, "चिकटवली आहेत."

त्यांच्या कमरेला एक पितळी डबी लटकत होती. त्यांनी तिची मूठ फिरवली, आतून खर्रर्र आवाज आला आणि खालच्या नळीतून पेपरमिंटची एक गोळी त्यांच्या तळहातावर पडली. ती मला दिली, हॅट जराशी उचलली आणि ते गर्दीत निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी ती चाकं उपटून काढली. तेव्हा मी नोकरीसाठी नॉटिंगहॅमला राहत होते. आता पुण्यात आहे आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस बिनबाह्यांचं जाकीट आणि साखळीचं घड्याळ घालून ऑफिसला जाते. "मलाही असं काहीतरी घालायचंय, पण नाटकातलं पात्र वाटायचं नाहीये," असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हे आहे तरी काय

पेट्रोल आणि वीज मागेच राहिली असती आणि जग वाफेवरच पुढे गेलं असतं तर माणसं कशी दिसली असती, या कल्पनेतून निघालेला हा पेहराव. मुळात हा साहित्याचा प्रकार. के. डब्ल्यू. जेटर नावाचा अमेरिकन लेखक आणि त्याचे दोन मित्र व्हिक्टोरियन काळात घडणाऱ्या अद्भुत कथा लिहीत होते. त्या सुमारास 'सायबरपंक'चा, म्हणजे संगणकांच्या भविष्यातल्या कथांचा, बोलबाला होता. एप्रिल १९८७च्या 'लोकस' मासिकात जेटरचं एक पत्र छापून आलं, त्यात त्यानं अर्धवट थट्टेत सुचवलं की आमच्या या प्रकाराला 'स्टीमपंक' म्हणा. नाव चिकटलं, आणि कथांमधून ते कपड्यांवर आलं.

यात ठरलेलं पात्र नसतं, म्हणून हे कॉसप्ले नव्हे. कॉसप्लेमध्ये तुम्ही दुसऱ्या कुणाची तरी हुबेहूब नक्कल करता. इथे पात्र तुमचं तुम्हीच रचायचं.

रोज चालेल का, याचं उत्तर आधीच सांगून टाकते. पूर्ण पोशाख रोज चालत नाही, इंग्लंडातही नाही. पण त्यातल्या एक-दोन वस्तू रोज घालता येतात, आणि त्या निवडायची चाळणी त्या पेपरमिंटवाल्या आजोबांनी दिलेलीच आहे. ही वस्तू काय काम करते? उत्तर आलं तर ती अंगावर टिकते. नाही आलं तर आठवडाभरात तुम्हीच ती खुंटीला टांगता.

पहिली पायरी: काही विकत घेऊ नका

ऑनलाइन 'स्टीमपंक' शोधलंत की प्लास्टिकचे गॉगल, चाकं डकवलेल्या टोप्या आणि 'अँटिक गोल्ड' मुलामा दिलेल्या साखळ्या समोर येतील. मीही पहिल्यांदा असाच एक संच मागवला होता. पहिल्याच दिवशी घामानं मुलामा सुटला आणि मानेवर काळा पट्टा उमटला.

त्याऐवजी घरातलं कपाट उघडा. लग्नातल्या थ्री-पीस सुटातलं जाकीट असतं, ते एकदाच घातलेलं असतं. आजोबांचा रुंद चामडी पट्टा असतो. झालर लावलेला पांढरा सुती परकर असतो. व्हिक्टोरियन बायकांच्या पेटीकोटाला याहून जवळचं दुसरं काही बाजारात मिळणार नाही, आणि तो घरी नाडीसकट तयार आहे. हे सगळं पलंगावर मांडा, फोटो काढा आणि दोन दिवस नुसते बघा.

दुसरी पायरी: तुमचा धंदा ठरवा

हे गमतीचं वाटेल, पण खरेदीचे पैसे इथेच वाचतात. तुम्ही इंजिनचालक आहात, छापखान्यातले खिळे जुळवणारे आहात, नकाशे काढणारे आहात की दुर्बिणी दुरुस्त करणारे? धंदा ठरला की कपडा ठरतो. जुळाऱ्याला बाह्या वर सरकवायचे पट्टे लागतात, कारण शाई लागते. नकाशेवाल्याला पेन्सिलींसाठी लांब खिसा लागतो.

आपल्यासाठी इथे एक आडवळण आहे, त्यावर जरा थांबते. इंग्रजी स्टीमपंकमध्ये साहेबी हॅट घातलेला 'शोधक प्रवासी' हे लाडकं पात्र आहे. ती हॅट सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून इथल्याच कारागिरांनी बनवलेली, आणि ती घालून कोण कुणावर हुकूम सोडत होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिंकनला मी ती बऱ्याच डोक्यांवर पाहिली. घालणारे भले लोक होते, पण मला ती घालवली नाही. तुम्ही ठरवा तुमचं.

मला हवी असलेली माणसं मुंबईतच सापडली. अर्देसर करसेटजी वाडिया हे माझगावचे पारशी जहाजबांधणी अभियंता. १८३४ मध्ये त्यांनी स्वतःच्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून दाखवले, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो झाले. वाफेची इंजिनं हा त्यांचा रोजचा धंदा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला जी आगगाडी निघाली ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. त्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या संचालकांत पगडी-अंगरख्यातले नाना शंकरशेठ होते. त्या शतकातल्या मराठी गृहस्थांचे जुने फोटो नीट बघा. पगडी, उपरणं, कोट, आणि कोटाच्या काजातून खिशात शिरलेली घड्याळाची साखळी. आपल्याला काही उसनं आणावं लागत नाही. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराचा कॅप्टन निमोसुद्धा बुंदेलखंडाचा राजपुत्र निघतो, हे युरोपातले निम्मे वाचक विसरलेले असतात.

तिसरी पायरी: तपकिरीच्या बाहेर या

स्टीमपंक म्हणजे तपकिरी, हा समज जुन्या फोटोंनी करून दिला. फोटो पिवळट झाले म्हणून माणसं पिवळट नव्हती. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये डांबरापासून क्विनीन बनवायला बसला होता, आणि भांड्याच्या तळाशी त्याला जांभळा रंग मिळाला. कृत्रिम रंगांची सुरुवात ती. त्यानंतरच्या काही वर्षांत लंडनच्या बायका डोळे दिपवणारे जांभळे, गुलाबी, हिरवे घागरे घालून हिंडत होत्या. हे डांबर कोळशापासून गॅसबत्तीचा गॅस तयार करताना उरायचं, म्हणजे जांभळा हाच खरा कोळशाचा रंग म्हणायचा.

म्हणून गडद जांभळा, बाटलीहिरवा, मोरपिशी बिनदिक्कत वापरा. खणाचं कापड तर यासाठीच विणल्यासारखं आहे. फक्त नक्षीचं एकच वस्त्र ठेवा आणि बाकीचं साधं, नाहीतर मंगळागौरीला निघाल्यासारखं दिसतं. तसं दिसण्यात वाईट काही नाही, पण तो वेगळा दिवस.

चौथी पायरी: जाकीट शिवून घ्या

एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर ते जाकिटावर घाला. रोजच्या वापराचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. स्त्री-पुरुष दोघांना चालतं, साध्या सदऱ्यावर आणि जीन्सवरही बसतं, आणि नकोसं झालं तर काढून पिशवीत ठेवता येतं. तयार जाकिटं बहुतेक लग्नसराईसाठी बनवलेली असतात. ती चकचकीत आणि पॉलिएस्टरची असतात, आणि एप्रिलमध्ये त्यात माणूस उकडून निघतो.

शिंप्याकडे गेल्यावर 'स्टीमपंक' हा शब्द उच्चारू नका. मी उच्चारला होता. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, नाटकाचं आहे का?" त्यापेक्षा सरळ सांगा, "मास्तर, थ्री-पीसमधलं जाकीट असतं ना, तेच हवंय, पण एकटं घालायचंय." मग ते खूश होतात, कारण हे काम त्यांना येतं आणि हल्ली फारसं कुणी सांगत नाही.

कापड सुती, लिनन किंवा जाड खादी घ्या. पन्हा ५८ इंची असेल तर मध्यम अंगाला सव्वा मीटर पुरतं. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे आधी मास्तरांना विचारून मगच कापड फाडून घ्या. जाकिटाची पाठ पुढच्या कापडाची नसते, अस्तराच्या पातळ कापडाची असते. ही जुनी काटकसर आपल्या हवेत वरदान आहे. पाठीला पातळ पॉपलिन लावायला सांगा. पुढच्या भागात इस्त्रीनं चिकटवायचं फ्युजिंग जितकं कमी तितकं बरं. ते हवा अडवतं आणि दोन-चार धुण्यांत बुडबुडे धरतं.

आता मापं. मुंढा, म्हणजे काखेतला काप, उंच ठेवायला सांगा. मास्तर 'मोकळं बरं' म्हणून तो खाली कापतात आणि मग हात वर केला की सगळं जाकीट वर चढतं. लांबी अशी हवी की पँटचा पट्टा पूर्ण झाकला जाईल. नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. जाकीट मापाचं असतं, पण खाली जीन्स कमरेखालची असते, आणि मधून सदऱ्याची चार बोटं पट्टी बाहेर डोकावते. त्या काळची पँट बेंबीपर्यंत यायची आणि गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, लटकायची. तुम्हाला गॅलिस नको असतील तर निदान उंच कमरेची पँट घ्या.

खिसे चार. खालचे दोन खरे हवेत, नुसत्या पट्ट्या नकोत. 'खिसा दाखवायचा की ठेवायचा?' असं मास्तर विचारतात, तेव्हा ठामपणे 'ठेवायचा' म्हणा. आत डाव्या बाजूला मोबाइल पूर्ण बुडेल इतका खोल खिसा करून घ्या. पाठीवर बक्कल असलेला पट्टा लावा. जेवणाआधी आवळायचा, जेवणानंतर सैल सोडायचा. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात अशी तक्रार आपण आयुष्यभर करतो, आणि इथे पाच खिसे घेऊन हिंडायला मिळतं. खरं सांगायचं तर मी या प्रकाराला टिकून राहिले त्याचं अर्धं कारण हेच आहे.

महागाचं कापड असेल तर पहिली शिलाई मांजरपाटात करून अंगावर बघा. मास्तर कुरकुर करतील. शिलाई वेगळी देईन म्हणा.

आत घालायला पट्टीच्या कॉलरचा सुती सदरा घ्या. व्हिक्टोरियन सदऱ्याची कॉलर वेगळी निघायची, तेवढीच धुवून खळ देऊन पुन्हा लावायची, आणि कॉलर काढली की खाली नुसती पट्टी उरायची. आपला बिनकॉलरचा सदरा अगदी तसाच दिसतो.

पाचवी पायरी: खिशातलं घड्याळ

घड्याळ चाळणीतून सहज पार पडतं, कारण ते वेळ दाखवतं. त्याला ही प्रतिष्ठा रेल्वेनं दिली. पूर्वी इंग्लंडात गावागणिक वेळ वेगळी असे. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, आणि मग हळूहळू देशाला एकाच वेळेची सवय झाली.

चावीचं यांत्रिक घड्याळ मिळालं तर उत्तम. जुन्या एचएमटीची खिशातली घड्याळं अधूनमधून जुन्या बाजारात दिसतात. घेताना कानाला लावा, चावी शेवटपर्यंत फिरते का बघा आणि दुकानदाराशी गप्पा मारत दहा मिनिटं चालू द्या. अडखळलं तर सोडून द्या. सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यायची आणि कळ जड झाली की थांबायचं.

साखळीच्या एका टोकाला आडवी काडी असते. ती जाकिटाच्या मधल्या काजातून ओवायची आणि घड्याळ खालच्या खिशात सोडायचं. या साखळीला व्हिक्टोरियाच्या नवऱ्यावरून 'अल्बर्ट' म्हणतात. साखळी हलकासा झोळ पडेल इतकीच लांब ठेवा. जास्त लोंबली तर लोकलच्या दारात कुणाच्या तरी बॅगेत अडकेल.

माझ्याकडे दुसरं एक घड्याळ आहे, ते मी मुद्दाम ३९ मिनिटं मागे लावते. भारतभर प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईनं स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही, आणि ती ३९ मिनिटं मागे होती. उशिरा पोहोचल्यावर ते घड्याळ दाखवते. आईवर त्याचा काही परिणाम होत नाही.

सहावी पायरी: पितळ, तांबं, चामडं

घामानं पितळ आणि तांबं दोन्ही त्वचेवर हिरवट डाग पाडतात. जो भाग अंगाला लागतो त्याला आतून रंगहीन नेलपॉलिशचा हात द्या, दर महिन्याला पुन्हा द्यावा लागतो. वरून मात्र चमकवायच्या मागे लागू नका. चिंच किंवा पितांबरी वर्षातून दोनदा पुरे. रोज वापरून मऊ पडलेली झळाळी कुठल्याही मुलाम्यापेक्षा सुंदर दिसते. पुण्यातल्या तांबट आळीत हातानं ठोके देऊन केलेलं मठारकाम एकदा जवळून बघा, मग कारखान्यात छापलेल्या चाकांकडे बघावंसं वाटत नाही. एका वेळी एकच धातू ठेवा. आणि मॉलच्या, मेट्रोच्या दारातलं यंत्र तुमच्यावर ओरडणार आहे, त्यामुळे साखळी चटकन सुटेल अशीच लावा. खेळण्यातलं पिस्तूल, कितीही पितळी आणि गोंडस असलं तरी, रस्त्यावर नेऊ नका.

बुटांबाबत इंग्रजी मार्गदर्शकांत एक गोष्ट कधीच सापडणार नाही. बारा भोकांचे नाडीचे बूट फोटोत झकास दिसतात, पण आपण दिवसातून दहा दारांत पादत्राणं काढतो. सत्यनारायणाला गेल्यावर मी उंबऱ्यात बसून नाड्या सोडत होते आणि मागे प्रसादासाठी आलेली रांग उभी होती. तेव्हापासून बाजूला इलास्टिक असलेले घोट्यापर्यंतचे बूट वापरते. ते काही तडजोड म्हणून नव्हेत. ही तऱ्हा जे. स्पार्क्स-हॉल या व्हिक्टोरिया राणीचे बूट करणाऱ्या कारागिरानेच काढलेली आहे. जून ते सप्टेंबर चामडं कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी येते. उन्हाळ्यात कोल्हापुरी खुशाल घाला. लिननच्या जाकिटाखाली ती इतकी चपखल दिसते की लंडनवाल्यांनी हेवा करावा.

सातवी पायरी: कॉर्सेट, आणि माझं स्पष्ट मत

कॉर्सेट म्हणजे ताठ पट्ट्या घालून कंबर आवळणारा, नाड्यांनी बांधायचा कपडा. पुण्यात किंवा मुंबईत तो रोज घालू नका.

समारंभाला हौस म्हणून घ्यायचाच असेल तर पोलादी पट्ट्यांचा घ्या. प्लास्टिकच्या पट्ट्या अंगाच्या उष्णतेनं वाकतात आणि बरगडीत टोचतात. पोलादी पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. चपट्या पट्ट्या पुढे-मागे सरळपणा देतात, आणि स्प्रिंगसारख्या गुंफलेल्या बाजूला वाकू देतात. आपल्या कमरेपेक्षा दोन-तीन इंच कमी मापाचा पुरे. सहा इंच कमीचा घेऊन शूरपणा दाखवू नका. पहिले काही दिवस घरी तास-दोन तास सैल बांधून बसा, म्हणजे तो तुमच्या अंगाला वळतो. आत सुती गंजी हवीच. काढताना आधी पाठीमागच्या नाड्या भरपूर सैल करा आणि मगच पुढचे आकडे सोडा. उलट केलंत तर पुढची पट्टी वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही. पोटात बाळ असताना, आम्लपित्ताचा किंवा दम्याचा त्रास असताना हा नाद सोडा. तो घालून गाडी चालवणं तर अजिबात नको.

त्या काळच्या कष्टकरी बायका दिवसभर तो घालून काम करत, हे खरं आहे. पण त्या तो सैल बांधत, आणि त्यांच्या शिवारात ४० अंश सेल्सिअस नसे.

कमरेची ती रेघच हवी असेल तर पट्ट्यांशिवायची, छातीखालून सुरू होणारी, पाठीला नाडीची कंबरजाकिटं शिवून मिळतात. नऊवारीवर कमरपट्टा जे काम करतो तेच ती करतात आणि श्वास चालू ठेवतात.

आठवी पायरी: घेर आणि दुचाकी

साडी नेसून लोकल पकडणाऱ्या बायकांना लांब घागरा कसा सांभाळावा हे सांगायची गरज नाही. पण चाक आणि कापड यांचं वैर लक्षात ठेवा. स्कूटरवर घोट्याच्या वर संपणारा घागरा हवा, मागचा फुगवटा नको. पायी फिरायला त्या काळी घागरा उचलून धरायचे धातूचे चिमटे मिळत, ते कमरेला लटकत. मी त्या जागी गॅलिसचे दोन चिमटे लावते.

हा सगळा पोशाख रोजच्या जगण्याला चालतो का, हा प्रश्न तेव्हाच्या बायकांनीही विचारला होता. १८८१ मध्ये लंडनला 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. तिचं एक मागणं असं होतं की बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन बुटांखेरीज सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोपेक्षा, जास्त नसावं. ही त्यांची कमाल मर्यादा होती, यावरून आधी काय चाललं असेल याचा अंदाज करा. मग सायकल आली आणि बायका घोळदार विजारी घालून रस्त्यावर उतरल्या. रोज वापरायला मला तीच विजार सगळ्यात आवडते. घोट्याला चुणीदार पट्टी, वर जाकीट. सलवारीच्या सवयीमुळे कुणी वळूनही बघत नाही.

नववी पायरी: टोपी आणि गॉगल

उंच हॅट फक्त जत्रेला. बोलर हॅट, म्हणजे गोल, कडक माथ्याची बुटकी हॅट, मात्र अव्वल दर्जाची कामाची वस्तू आहे. १८४९ मध्ये एडवर्ड कोक नावाच्या जमीनदारानं ती बनवून घेतली, कारण त्याच्या रानराखणदारांच्या उंच टोप्या फांद्यांना अडकून पडत. घेण्याआधी त्यानं ती जमिनीवर ठेवून पायानं तुडवून बघितली म्हणतात. पण आपण दुचाकीवाले. आपल्या डोक्यावर आयएसआय छापाचं हेल्मेट हीच टोपी, आणि तिला चामड्याचा एक पट्टा लावण्यापलीकडे काही करू नका.

गॉगलची गंमत अशी की तो टोपीवर अडकवून हिंडण्यात त्याचा काहीही उपयोग नसतो, आणि तरी तो या पंथाची खूण झाला आहे. खुल्या हेल्मेटखाली, धुळीत, दुचाकीवर मात्र गोल भिंगांचा गॉगल खराखुरा कामाचा आहे. भिंग पारदर्शक आणि न फुटणारं हवं. वेल्डिंगचा गॉगल दिसायला देखणा असला तरी त्यातून समोरची बस दिसत नाही.

दहावी पायरी: घरातच परीक्षा

बाहेर पडण्याआधी पूर्ण जामानिमा करून जमिनीवर मांडी घाला आणि हात न टेकता उठा. डोक्यावरचं कडं धरल्यासारखा हात वर करून दोन मिनिटं उभ्या राहा. पंखा बंद करून वरण-भात जेवा. शेवटी घाईत असल्यासारखं स्वच्छतागृहात जाऊन या. जे खुपलं, वर चढलं किंवा मध्ये आलं ते काढून टाका.

मग पहिल्या आठवड्यात रविवारी फक्त जाकीट घाला, तेही ओळखीच्या लोकांत. पुढे कधीतरी साखळी लावा. ऑफिसात एका दिवशी दोनपेक्षा जास्त वस्तू नकोत. तिसरी चढवलीत की लोक तुमच्याशी बोलायचं सोडून कपड्यांशी बोलायला लागतात. 'आज काय विशेष?' असं कुणी विचारलंच तर 'खिसे जास्त आहेत' हे उत्तर पुरतं.

धुण्याचं एकच सांगते. पितळी बटणं मागे कडी घालून लावून घ्या, म्हणजे धुताना सगळी एकदम काढता येतात. नाहीतर काजांभोवती हिरवी वर्तुळं उमटतात.

आणि पूर्ण पोशाख?

तो घालायच्या जागा वेगळ्या. लिंकनला २००९ पासून मेळा भरू लागला. किल्ला, कॅथेड्रल आणि स्टीप हिल नावाचा दगडी चढ हजारो हॅटींनी भरून जातो. त्या चढावर उंच टाचा घालू नका, मी घातल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये ओमारू नावाचं पांढऱ्या चुनखडी दगडाच्या जुन्या इमारतींचं गाव आहे, त्यानं तर स्टीमपंक हीच गावाची ओळख करून टाकली आहे. इथे मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला कॉसप्लेवाल्यांच्या गर्दीत चार-दोन गॉगल दिसतात, तिथे सुरुवात करायला हरकत नाही.

अशा मेळ्यांत 'टी ड्युएल' म्हणजे चहाचं द्वंद्व खेळतात, त्याची तयारी करून जा. दोघं समोरासमोर बसतात, गरम चहात बिस्कीट बुडवून पाच अंक मोजतात, बाहेर काढतात आणि हातात धरून थांबतात. जो शेवटी खाईल आणि ज्याचा तुकडा पडणार नाही तो जिंकला. लिंकनला मी पहिल्याच फेरीत हरले. परतल्यावर पुण्यात मैत्रिणींना जमवून हा खेळ पार्ले-जीवर खेळून बघितला. तीन म्हणेपर्यंत बिस्कीट तळाशी. तेव्हा टिकाऊ बिस्कीट आणि गळ्यात बांधायला मोठा रुमाल न्या. माझ्या लिननच्या जाकिटावर दुसऱ्या बटणाखाली चहाचा डाग अजून आहे. साखळी थोडी खाली सोडली की झाकला जातो.